सजीवांचे तिसरे घराणे आणि आपली पेशी

गोबर गॅसचे संयंत्र तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. गोठ्यातले शेण पाण्यात कालवून एका बाजूने आत सोडायचे, विहिरीसारख्या बांधलेल्या खड्ड्यात ते कित्येक दिवस कुजत राहते, वर उपडी घातलेली टाकी गॅस साठेल तसतशी उचलली जाते आणि नळीतून आलेला गॅस स्वयंपाकघरात निळ्या ज्योतीने जळतो. हा ज्वलनशील गॅस म्हणजे मिथेन. तो कोण तयार करतो, असा प्रश्न परीक्षेत आला तर बहुतेक विद्यार्थी 'जीवाणू' असे उत्तर लिहितील आणि बहुतेक शिक्षक त्याला पूर्ण गुण देतील. एके काळी मीही दिले असते. पण हे उत्तर चूक आहे. शेणातला काडीकचरा फोडण्याची आधीची कामे जीवाणू करतात हे खरे; मात्र शेवटच्या पायरीवर मिथेन बनवणारे जे सूक्ष्मजीव आहेत ते जीवाणू नव्हेत. ते बुरशीही नव्हेत आणि शैवालही नव्हेत.

हे सजीवांचे एक वेगळेच घराणे आहे. त्याचे नाव आर्किया. असे घराणे आहे याची १९७७ सालापर्यंत जगाला दाद नव्हती. आणि याहून मोठे आश्चर्य पुढेच आहे. तुमची-माझी, वडाच्या झाडाची, अळंबीची, अमीबाची, थोडक्यात केंद्रक असलेली प्रत्येक पेशी याच घराण्यातल्या एका पूर्वजापासून निघाली, असा पुरावा २०१५ पासून साठत गेला आहे. मात्र एकट्या त्याच्यापासून नव्हे. मी भौतिकशास्त्र शिकवणारा माणूस. जीवशास्त्राच्या अंगणात शिरण्याचे धाडस करतो आहे, कारण या हकिगतीचा नायक मुळात आमच्याच बिरादरीतला होता, आणि तिची एक किल्लीही भौतिकशास्त्राच्याच खिशात आहे.

आधी जुनी मांडणी पाहू. १९६२ साली स्टॅनियर आणि व्हान नील या शास्त्रज्ञांनी सजीव पेशींचे दोन गट स्पष्ट करून दाखवले. एक, आदिकेंद्रकी पेशी. यात केंद्रक नसते. डीएनए पेशीद्रवातच असतो. सगळे जीवाणू या गटात. दुसरा, दृश्यकेंद्रकी पेशी. यात डीएनए केंद्रकाच्या पटलाआड असतो, ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका असतात, प्रथिनांच्या धाग्यांचा सांगाडा असतो, माल इकडून तिकडे नेणाऱ्या पिशव्या असतात. पहिली पेशी म्हणजे चाळीतली एक खोली. झोपणे, स्वयंपाक, अभ्यास सगळे तिथेच. दुसरी म्हणजे गोदामे, वीजघर आणि दफ्तरखाना असलेला कारखाना. जीवाणूची लांबी साधारण एक-दोन मायक्रोमीटर, तर आपल्या पेशीचा व्यास सहज दहा-वीस मायक्रोमीटर.

आता अडचण पहा. माकड आणि माणूस, मासा आणि बेडूक यांच्या दरम्यानच्या अवस्था जीवाश्मांत सापडतात. पण खोली आणि कारखाना यांच्यामधली अर्धवट बांधलेली पेशी कोठेच दिसत नाही. पृथ्वीवर जीवसृष्टी किमान साडेतीनशे कोटी वर्षे आहे. केंद्रक असलेल्या पेशींच्या खुणा मात्र सुमारे १६५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांपासून पुढे मिळतात. (आपल्याकडे चित्रकूट परिसरातल्या सुमारे १६० कोटी वर्षांच्या विंध्य खडकांतून तांबड्या शैवालासारखे दिसणारे जीवाश्म २०१७ साली प्रसिद्ध झाले आहेत.) म्हणजे अर्ध्याहून अधिक काळ पृथ्वीवर नुसत्या खोल्याच होत्या. मग हा कारखाना आला कोठून?

या प्रश्नाच्या उत्तराकडे नेणारी वाट अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात, अर्बाना या गावी सुरू झाली. तिथले कार्ल वोज हे पदवीला गणित आणि भौतिकशास्त्र शिकलेले, पुढे येल विद्यापीठात जीवभौतिकीत डॉक्टरेट मिळवलेले. त्यांना जीवाणूंची वंशावळ हवी होती. पण वंशावळ काढायची कशावरून? जीवाणूंना ना हाडे, ना पाने, ना फुले. सूक्ष्मदर्शकाखाली गोल, लांबट किंवा नागमोडी, एवढाच फरक. वोज यांनी ठरवले, रूप पाहायचे नाही. रेणूतला मजकूर वाचायचा.

हे समजायला आपल्या ओळखीचे एक उदाहरण घेऊ. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखित प्रती शेकडो वर्षे एकावरून दुसरी अशा उतरवल्या गेल्या. उतरवताना चुका होतात, आणि चुकीच्या प्रतीवरून पुढे उतरवलेल्या सगळ्या प्रतींत ती चूक येते. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये प्रती ताडून पाहून शुद्ध प्रत सिद्ध केली. तसेच दोन प्रतींत एकच चूक आढळली तर त्यांची आई एक, असे अभ्यासक धरून चालतात. सजीवांतही असाच एक मजकूर प्रत्येकाजवळ आहे. प्रथिने बनवणारा रायबोझोम प्रत्येक पेशीत असतो, त्यात आरएनएचा एक रेणू असतो, आणि तो फार सावकाश बदलतो. जीवाणूंत या रेणूची लांबी सुमारे दीड हजार अक्षरांची. हीच वोज यांची पोथी.

आज यंत्रात नमुना घातला की ही अक्षरे भराभर वाचता येतात. त्या काळी तसे नव्हते. सूक्ष्मजीव किरणोत्सारी फॉस्फरस-३२ मिसळलेल्या खाद्यावर वाढवायचे. त्यातून आरएनए वेगळा करून एका विकराने त्याचे ठराविक ठिकाणी तुकडे पाडायचे. ते तुकडे विद्युत क्षेत्रात एकदा एका दिशेने आणि मग दुसऱ्या दिशेने सरकवून कागदावर पसरायचे. त्यावर क्ष-किरण फिल्म ठेवली की किरणोत्साराने फिल्मवर काळे ठिपके उमटतात. फॉस्फरस-३२ चे अर्धायुष्य १४.३ दिवस, तेव्हा रेंगाळायला सवड नाही. मग या ठिपक्यांच्या नक्षीवरून कोणत्या तुकड्यात कोणती अक्षरे आहेत ते ओळखायचे. खाली दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर फिल्म पसरून वोज तासन् तास बघत बसत. एका जातीच्या नोंदी पुऱ्या व्हायला सुरुवातीला कित्येक महिने लागत. हे काम त्यांनी सुमारे दहा वर्षे केले. माझ्या मते भौतिकशास्त्राच्या पदवीचा खरा उपयोग त्यांना इथे झाला असावा; ठिपक्यांच्या फोटोकडे कंटाळा न करता पाहण्याची सवय आम्हाला प्रयोगशाळेत लागतेच.

त्याच इमारतीत राल्फ वुल्फ नावाचे प्राध्यापक मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांवर काम करत होते. हे सूक्ष्मजीव ऑक्सिजनचा वाराही सहन करत नाहीत, त्यामुळे ते वाढवणे हीच एक कला होती. १९७६ साली त्यांतल्या एकाचा आरएनए वोज यांच्या टेबलावर आला. नक्षी पाहून ते चक्रावले. आजवर तपासलेल्या प्रत्येक जीवाणूच्या फिल्मवर हमखास दिसणारे काही ठिपके इथे नव्हतेच. चूक झाली असेल म्हणून पुन्हा करून पाहिले, तेच. दुसऱ्या जातीचे मिथेनकारी घेतले, तेच. वोज यांनी वुल्फ यांच्याकडे जाऊन सांगितले की हे तुमचे प्राणी जीवाणूच नाहीत.

१९७७ च्या नोव्हेंबरात वोज आणि त्यांचे सहकारी जॉर्ज फॉक्स यांनी हे प्रसिद्ध केले. सजीवांची प्रमुख घराणी दोन नसून तीन आहेत, असा त्यांचा दावा होता. न्यूयॉर्क टाइम्सने ३ नोव्हेंबरला पहिल्या पानावर बातमी दिली. शास्त्रज्ञांच्या जगात मात्र स्वागत थंड होते. नोबेल पारितोषिक मिळालेले साल्वादोर लुरिया यांनी वुल्फ यांना फोन करून या प्रकरणातून अंग काढून घ्या, असा सल्ला दिला, ही आठवण खुद्द वुल्फ यांनी पुढे लिहून ठेवली आहे. जर्मनीत वेगळे घडले. ओटो कांडलर यांच्या आधीच लक्षात आले होते की मिथेनकारींच्या पेशीभित्तिकेत जीवाणूंच्या भित्तिकेतला नेहमीचा पदार्थ नाही. वोल्फ्राम त्सिलिग हे डीएनएवरून आरएनए उतरवणाऱ्या विकराचा अभ्यास करत होते. त्यांना या नव्या मंडळींचे विकर जीवाणूंपेक्षा केंद्रक असलेल्या पेशींतल्या विकरासारखे दिसले. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

१९९० साली वोज, कांडलर आणि व्हीलिस यांनी या घराण्याला आर्किया हे नाव दिले. उकळत्या झऱ्यांत, आम्लात, मिठागरांच्या तीव्र खाऱ्या पाण्यात आर्किया सापडत गेले. पुढे साध्या मातीत, समुद्रात आणि आपल्या आतड्यातही. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर २०२० च्या जूनमध्ये अचानक गुलाबी झाले होते, ते तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते पाणी तपासले. तो रंग खारटपणा मानवणाऱ्या आर्कियांच्या रंगद्रव्याचा निघाला.

आता आपल्या कारखान्याकडे वळू. अर्बानात फिल्म वाचण्याचे काम चालू असताना दुसऱ्या टोकाने लिन मार्गुलिस या तरुण जीवशास्त्रज्ञेने याच कोड्याला हात घातला होता. त्यांचे म्हणणे असे की आपल्या पेशीतल्या तंतुकणिका म्हणजे एके काळचे स्वतंत्र जीवाणू. कधी काळी ते दुसऱ्या पेशीत शिरले आणि तिथलेच झाले. वनस्पतींतली हरितलवकेही तशीच. कल्पना अगदी नवी नव्हती; रशियाचे मेरेश्कोव्हस्की यांनी हरितलवकांविषयी १९०५ सालीच तसे लिहिले होते. पण तिच्याकडे कोणी गंभीरपणे पाहत नव्हते. मार्गुलिस यांचा लेख दहा-पंधरा नियतकालिकांनी परत पाठवला आणि अखेर १९६७ साली छापून आला.

पुरावा आज भक्कम आहे. तंतुकणिकेला दोन पटले असतात, तिचा स्वतःचा वर्तुळाकार डीएनए असतो. माणसात हा डीएनए १६,५६९ अक्षरजोड्यांचा असून त्यात ३७ जनुके आहेत. तंतुकणिकेचे रायबोझोम वेगळे असतात आणि ते जीवाणूंच्या रायबोझोमशी जुळतात. म्हणूनच जीवाणूंचे रायबोझोम बंद पाडणारे क्लोरॅम्फेनिकॉल हे औषध आपल्या तंतुकणिकांनाही त्रास देते. तिच्या जनुकांतला मजकूर ताडून पाहिला तर तिचे माहेर जीवाणूंच्या एका विशिष्ट कुळात, अल्फाप्रोटिओबॅक्टेरियांत, निघते.

म्हणजे पाहुणा कोण ते कळले. पण घर कोणाचे? हा जीवाणू ज्या पेशीत शिरला ती पेशी कोणती होती?

त्सिलिग यांच्या विकराचा इशारा होता की ती आर्कियांची नातलग असावी. वोज यांच्या वंशावळीत आर्किया आणि दृश्यकेंद्रकी या दोन बहिणी होत्या, शेजारी पण वेगळ्या. १९८४ साली जेम्स लेक यांनी वेगळे सुचवले. बहीण नव्हे, लेक. केंद्रकवाले आर्कियांच्या बाजूला नसून आर्कियांच्याच एका फांदीवर आलेले आहेत. (या शास्त्रज्ञाचे आडनावच लेक आहे, हा निव्वळ योगायोग.) वाद तीस वर्षे रेंगाळला, कारण ती विशिष्ट फांदी कोणी पाहिलेली नव्हती.

ती सापडली उत्तर अटलांटिकच्या तळाशी. ग्रीनलंड आणि नॉर्वे यांच्या दरम्यान समुद्रतळावर गरम पाणी ओकणारी विवरे २००८ साली सापडली होती. किल्ल्याच्या बुरुजांसारख्या त्यांच्या आकारामुळे त्यांना नॉर्स पुराणातल्या लोकी या खोडकर देवाचे नाव देऊन 'लोकीचा किल्ला' म्हणू लागले. तिथून काही किलोमीटरवर, ३,२८३ मीटर खोलीवरून काढलेल्या चिखलाचा नमुना स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात थाइस एटेमा यांच्या गटाने तपासला. पेशी पाहिल्या नाहीत, वाढवल्याही नाहीत. चिखलात जेवढे कोणी होते त्या सगळ्यांचा डीएनए एकत्र काढला आणि वाचला. शंभर मुलांच्या वह्या फाडून एका पोत्यात भराव्यात आणि मग पाने जुळवत एकेकाची वही पुन्हा तयार करावी, तसे हे काम. त्यातून जी एक वही जुळली ती विलक्षण होती. मजकूर आर्कियाचा, पण मध्येच अशी पाने की जी तोवर फक्त केंद्रकवाल्यांच्या वहीत दिसली होती. पेशीचा सांगाडा बनवणाऱ्या ॲक्टिनचे जनुक, पटलाला वाकवून पिशव्या तोडणाऱ्या प्रथिनांची जनुके, माल-वाहतुकीचे नियंत्रण करणाऱ्या प्रथिनांची जनुके. २०१५ च्या मे महिन्यात हे 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले. या आर्कियाला लोकीचे नाव मिळाले. मग थॉर, ओडिन, हाइमडाल असे त्याचे भाऊबंद निघाले आणि २०१७ साली सगळ्या कुटुंबाला नॉर्स देवांच्या नगरीचे नाव दिले गेले: ॲसगार्ड.

इथे शंकेखोरांनी हात वर केला, आणि मला वाटते त्यांनी तो करायलाच हवा होता. पोत्यातली पाने जुळवताना दुसऱ्याच्या वहीचे पान चुकून यात शिरले नसेल कशावरून? चिखलात केंद्रकवाल्या पेशींचा डीएनएही असणारच. आर्किया घराण्याला आपले पूर्वज म्हणायचे आणि उद्या ती पाने परक्याची निघाली तर? या शंकेला एकच चोख उत्तर होते. तो जीव स्वतः जिवंत समोर आणून ठेवणे.

आणि गंमत म्हणजे हे काम जपानमध्ये आधीच सुरू झालेले होते. करणाऱ्यांना मात्र आपण काय करत आहोत हे माहीत नव्हते.

२००६ साली 'शिंकाई ६५००' या पाणबुडीने जपानजवळच्या नानकाई गर्तेत २,५३३ मीटर खोलीवरून चिखल वर आणला. हिरोयुकी इमाची आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्यातले मिथेन खाणारे सूक्ष्मजीव हवे होते. त्यांनी एका उभ्या नळकांड्यात स्पंजाचे तुकडे टांगले, त्यात तो चिखल भरला, आणि थंड, ऑक्सिजनविरहित अवस्थेत वरून पाणी व मिथेन सोडत राहिले. सांडपाणी शुद्ध करण्याच्या एका पद्धतीवरून उचललेली ही युक्ती. असे २,००० हून अधिक दिवस. म्हणजे साडेपाच वर्षे नुसते टपटप पाणी!

नंतर त्या स्पंजातला थोडा अंश काढून काचेच्या लहान नळ्यांत वेगवेगळ्या खाद्यांबरोबर ठेवला. काही नळ्यांत जीवाणूंना आवर घालणारी चार प्रतिजैविके घातली. आर्कियांची घडण वेगळी असल्यामुळे अशी बरीच प्रतिजैविके त्यांना बाधत नाहीत. सुमारे एका वर्षाने एका नळीतले पाणी किंचित गढूळ दिसले. तपासले तर त्यात लोकीचा सगासोयरा होता. तोवर लोकीची बातमी जगभर झालेली होती, त्यामुळे हाती काय लागले आहे हे त्यांना कळले. पण तो शुद्ध रूपात मिळवायला आणखी वर्षे गेली. हा जीव दुप्पट व्हायला १४ ते २५ दिवस घेतो. आपल्या आतड्यातला ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतो. हिशेब करून पहा: दहा वेळा दुप्पट होऊन हजारपट व्हायला ई. कोलायला तीन तास वीस मिनिटे पुरतात. याला, २० दिवसांचा दर धरला तर, २०० दिवस लागतात. शिवाय नव्या नळीत टाकल्यावर तो आधी एक-दोन महिने स्वस्थ बसून राहतो ते निराळेच. पाणबुडीपासून मोजले तर एकूण बारा वर्षे झाली. इमाची, मसारु नोबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध २०२० च्या जानेवारीत 'नेचर'मध्ये आला. जीवाचे नाव प्रोमेथिओआर्किअम.

ती वादग्रस्त जनुके त्याच्यात होती. परक्याची पाने नव्हती.

पण खरा धक्का सूक्ष्मदर्शकाने दिला. पुष्कळांची अपेक्षा होती की या जीवात केंद्रकाची काही सुरुवात, निदान आत एखादी पिशवी तरी दिसेल. तसे काही नाही. जेमतेम अर्ध्या मायक्रोमीटरचा एक साधा गोळा. वेगळेपण बाहेर होते. या गोळ्यातून लांबच लांब, फाटे फुटलेले हात निघालेले होते. आणि तो एकटा वाढतच नाही! त्याच्या नळीत नेहमी दुसरा कोणीतरी लागतो. तो दुसरा कोण असेल? गोबर गॅसच्या टाकीतलाच आपला ओळखीचा: मिथेन बनवणारा आर्किया.

असे का, हे समजून घेऊ. प्रोमेथिओआर्किअम अमिनो आम्ले खातो. ती फोडताना हायड्रोजन बाहेर पडतो. या क्रियेतून मिळणारी ऊर्जा अत्यल्प, आणि तीसुद्धा भोवतालचा हायड्रोजन जवळजवळ शून्यावर राहिला तरच. हायड्रोजन साचला की क्रिया ऊर्जेच्या दृष्टीने आतबट्ट्याची होते आणि थांबते. उसाच्या गुऱ्हाळात पहा. चरकातून रस निघतो तशी चिपाडे निघतात. ती कोणी उचलली नाहीत तर चरक अडेल. ती उचलून, वाळवून काहिलीखाली घातली की त्यांचेच जळण होते. इथे हायड्रोजन म्हणजे चिपाड. मिथेनकारी तो उचलतो, कार्बन डायऑक्साइडशी त्याचा संयोग घडवून मिथेन बनवतो आणि त्यावर स्वतः जगतो. एकाचा कचरा हे दुसऱ्याचे जळण. गोबर गॅसच्या टाकीत हीच देवघेव चालते, फक्त तिथे हायड्रोजन देणारे जीवाणू असतात.

आता भौतिकशास्त्र आले. हायड्रोजनचा रेणू एका पेशीकडून दुसरीकडे विसरणाने जातो, म्हणजे दारुड्यासारखा झोकांड्या खात. अशा चालीत अंतर दुप्पट झाले तर वेळ चौपट लागतो; दहापट झाले तर शंभरपट. तेव्हा कचरा उचलणारा शक्य तितका जवळ, अंगाला अंग लावून असण्यात दोघांचाही फायदा. हात लांब करून शेजाऱ्याला कवेत घेतले तर आणखी चांगले. इमाची आणि नोबू यांनी यावरून असे चित्र रंगवले आहे: आपल्या पूर्वज आर्कियाने असेच हात पसरून एका जीवाणूला गुंतवून घेतले. हा शेजारी साधा नव्हता. वातावरणात ऑक्सिजन वाढू लागला होता आणि त्याला ऑक्सिजन वापरता येत होता. हळूहळू हातांची कवळ पुरी मिटली आणि शेजारी आत राहिला. तोच पुढे तंतुकणिका झाला. हायड्रोजनच्या देवघेवीतूनच ही जोडी जमली असावी, असे बिल मार्टिन आणि मिक्लोश म्युलर यांनी १९९८ सालीच मांडले होते, थोड्या वेगळ्या रीतीने. अर्थात हे हात डोळ्यांनी पाहिलेले आहेत, मिठी मात्र तर्काने बांधलेली आहे. हा फरक विद्यार्थ्यांनी विसरू नये.

पाहुणा घरात आल्याने काय साधले? जीवाणू आपली ऊर्जा बाहेरच्या पटलावर तयार करतो. तिथे पटलाच्या दोन बाजूंमध्ये सुमारे ०.१५ व्होल्टचे विभवांतर असते. अगदी किरकोळ वाटते ना? पण पटलाची जाडी सुमारे ५ नॅनोमीटर. भागाकार करा: मीटरला तीन कोटी व्होल्ट. कोरड्या हवेत ठिणगी पडायला मीटरला सुमारे तीस लाख व्होल्ट पुरतात. म्हणजे त्याच्या दहापट विद्युत क्षेत्र प्रत्येक जीव आपल्या पटलात बाळगून असतो. आता पेशीचा व्यास १५ पट वाढवला तर पटलाचे क्षेत्रफळ २२५ पट वाढेल, पण घनफळ ३,३७५ पट. आतल्या पसाऱ्याला वीज अपुरी पडेल. वीजघरेच आत आणून हजारोंनी मांडली की ही अडचण सुटते. निक लेन आणि मार्टिन यांनी २०१० साली हा मुद्दा जोरात मांडला. सगळ्या जीवशास्त्रज्ञांना तो तितकासा पटलेला नाही. काहींचे आकडेमोडीवरून म्हणणे असे की तंतुकणिकांशिवायही पेशी बऱ्यापैकी मोठी होऊ शकली असती. मला स्वतःला लेन-मार्टिन यांची बाजू आवडते, पण मी भौतिकशास्त्राचा माणूस असल्यामुळे क्षेत्रफळ-घनफळ आले की माझे मत आपोआप तिकडे झुकते, हेही सांगून टाकतो.

ॲसगार्ड कुटुंबाची ओळख त्यानंतर वाढतच गेली. व्हिएन्ना विद्यापीठाच्या क्रिस्टा श्लेपर यांच्या गटाने स्लोव्हेनियात, पिरान गावाजवळच्या उथळ खाडीकालव्यातल्या चिखलातून दुसरा ॲसगार्ड वाढवला आणि २०२२ च्या डिसेंबरात त्याची माहिती दिली. हा सात ते चौदा दिवसांत दुप्पट होतो, म्हणजे त्या घराण्याच्या मानाने चपळच. पेशी गोठवून निरनिराळ्या कोनांतून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तिची चित्रे घेतली, तेव्हा हातांच्या आत ॲक्टिनचे धागे स्पष्ट दिसले. आपले स्नायू ज्याच्या जोरावर आकसतात आणि अमीबा ज्याच्या जोरावर सरकतो, त्याच कुळातले हे प्रथिन. २०२३ साली अनेक ॲसगार्डांच्या जनुकांची तुलना झाली, तीत केंद्रकवाल्यांची जागा हाइमडालच्या शाखेत आतवर निघाली. लेक यांची फांदी ती हीच नव्हे, पण केंद्रकवाले आर्कियांच्या झाडावरच आहेत, हे त्यांचे मुख्य म्हणणे खरे ठरत आहे. वोज यांचे निधन २०१२ च्या डिसेंबरात झाले. लोकीची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली नाही.

सगळे जुळले असे मात्र समजू नका. एक गाठ अजून सुटायची आहे आणि ती पटलाचीच आहे. जीवाणूंच्या पटलातले स्निग्ध रेणू मेदाम्लांचे असतात आणि ते एस्टर बंधाने जोडलेले असतात. आर्कियांच्या पटलात शाखायुक्त साखळ्या असतात, जोडणी ईथर बंधाची. आणखी एक गोष्ट: ज्या ग्लिसरॉल फॉस्फेटावर हे सारे उभे असते त्याची दोन घराण्यांतली रूपे एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे आहेत, डावा हात आणि उजवा हात यांच्यासारखी. आता आपली पेशी जर मुळात आर्कियाचे घर असेल, तर तिचे पटल आर्कियासारखे हवे. ते तसे नाही. आपले पटल जीवाणूंच्या धर्तीचे आहे. प्रोमेथिओआर्किअमचे पटल तपासले, तर ते मात्र चोख आर्कियाचे निघाले. म्हणजे घर यजमानाचे, पण वाटेत कधीतरी सगळ्या भिंती पाहुण्याच्या पद्धतीच्या झाल्या. आणि त्याही घरातला संसार एक दिवसही न थांबता.

हे शक्य तरी आहे का? दोन्ही जातींचे रेणू एकाच पटलात मिसळले तर पटल गळेल आणि पेशी मरेल, असे बरेच जण धरून चालले होते. नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांनी प्रयोगच करून पाहिला. त्यांनी ई. कोलाय या साध्या जीवाणूत आर्कियाचे स्निग्ध रेणू बनवणारी जनुके घातली आणि २०१८ साली निकाल जाहीर केला. पटलातल्या रेणूंपैकी ३० टक्क्यांपर्यंत रेणू आर्कियाच्या धर्तीचे झाले, डावे-उजवे एकत्र नांदू लागले, आणि पेशी जिवंत राहून वाढतही राहिल्या.